कात्रणवहीतील तीन ओळी : फेलिक्स फेनेओं आणि १९०६ मधील किरकोळ बातम्या

फ्रेंच भाषेत ‘नुव्हेल’ या एकाच शब्दाला बातमी आणि लघुकथा असे दोन अर्थ आहेत. मराठीने हे अर्थ दोन निराळ्या शब्दांकडे सोपविले. ‘बातमी’ आणि ‘कथा’ यांच्यामध्ये आपल्याकडे एक भिंत आहे आणि आपल्या साहित्यविचाराने ती बहुधा गृहीतच धरलेली आहे. (पेशवेकालीन पत्रांतून ‘इकडील वर्तमान’ म्हणून जे कळविले जाई त्यात दोहोंचे मिश्रण असे, ‘बखर’ हा ‘खबर’चाच वर्णविपर्यय मानणारी व्युत्पत्तीही आपल्या परिचयाची आहे. पण तो निराळा विषय.) १९०६ साली पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकात ‘तीन ओळींतील नुव्हेल’ या नावाचे एक सदर येत असे. त्या वर्षीच्या मे ते नोव्हेंबर या महिन्यांत त्यातील सुमारे १२२० वृत्ते फेलिक्स फेनेओं याने लिहिली. त्यांखाली त्याची सही नव्हती, आणि ती जपून ठेवावीत असे त्याला स्वतःला कधी वाटलेले दिसत नाही. आज मात्र ती फ्रेंच गद्यातील एक लहानसे आश्चर्य म्हणून वाचली जातात, अनुवादिली जातात, त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात. बातमीची कथा कशी झाली, असा प्रश्न त्यामुळे साहजिकच विचारला जातो, आणि ती प्रतिभावंताच्या हाती पडली म्हणून, हे उत्तरही तयारच असते.

हे उत्तर मला अपुरे वाटते. या ओळी छापल्या गेल्या तेव्हा त्या साहित्य नव्हत्या. त्या साहित्य झाल्या त्या कात्रीने आणि डिंकाने, आणि ती कात्री फेनेओंच्या हातात नव्हती. शिवाय या रूपांतराची एक किंमत होती. ती किंमत त्या ओळींतून ज्यांची नावे आली आहेत त्या माणसांनी दिली, की त्या रूपांतरामुळेच त्यांचे काही उरले, याचा निर्णय केल्याशिवाय फेनेओंच्या शैलीचे कौतुक पुरे होत नाही.

राजकारण, व्यापार, परराष्ट्र, रंगभूमी अशा कोणत्याही खात्यात जी बसत नाही त्या बातमीला फ्रेंच पत्रसृष्टीत ‘फे दिव्हेर’ म्हणजे ‘विविध घटना’ म्हणतात. खून, आत्महत्या, अपघात, विलक्षण योगायोग, विचित्र जन्म, हास्यास्पद चोऱ्या या साऱ्यांची ती अडगळीची खोली. तिचा पूर्वज म्हणजे सोळाव्या शतकापासून फेरीवाले विकत आलेले ‘कानार’ हे सुटे पत्रक. त्यावर एक लाकडी ठशाचे चित्र असे, आणि तोच ठसा एका पुराला, मग दुसऱ्या पुराला, एका खुन्याला, मग दुसऱ्या खुन्याला निःसंकोचपणे वापरला जाई. सोबत पुष्कळदा एक शोकगीत येई. मराठी वाचकाला येथे पोवाड्याची आठवण होईल; परंतु पोवाडा वीराविषयी गायिला जातो, तर या शोकगीतात अनेकदा फाशी जाणारा गुन्हेगारच प्रथमपुरुषात आपली कहाणी सांगतो आणि श्रोत्यांना सन्मार्गाचा उपदेश करतो.

या मालाला दैनिक बाजारपेठ मिळाली ती १८६३ मध्ये, ‘ल पती जुर्नाल’ हे पाच सांतीमांचे वर्तमानपत्र निघाले तेव्हा. या घटनेमागील कारण वाङ्मयीन नव्हते. दुसऱ्या साम्राज्यात राजकीय मजकूर छापणाऱ्या पत्रांना मुद्रांकशुल्क भरावे लागे. अराजकीय पत्रे त्यातून सुटलेली होती. पत्र स्वस्त ठेवायचे तर राजकारण वगळणे भाग, आणि राजकारण वगळले की रकाने भरण्यासाठी उरतात खून आणि योगायोग. १८६९ मध्ये पाँतँ येथे एका कुटुंबातील आई आणि तिची मुले यांची हत्या झाली, तेव्हा या पत्राचा खप अफाट वाढला. जानेवारी १८७० मध्ये खुनी त्रोपमान याचा शिरच्छेद पाहायला जी गर्दी लोटली तीत तुर्गेनेव्हही होता आणि त्याने त्याविषयी लिहिलेही. किरकोळ बातमी ही अशी करपद्धतीतून वाढलेली आहे. ‘अराजकीय’ हे तिचे लक्षण मुळात एक शासकीय वर्गीकरण होते, ही गोष्ट पुढे लागणार आहे.

साहित्याने या बातमीकडे कच्चा माल म्हणूनच पाहिले होते. आंत्वान बेर्ते याच्या खटल्याचे वृत्त १८२७ मध्ये न्यायालयीन गॅझेटमध्ये आले आणि त्यातून स्तांदालची १८३० मधील ‘तांबडे आणि काळे’ ही कादंबरी उभी राहिली. ‘मादाम बोव्हारी’च्या मुळाशी नॉर्मंडीतील एका आरोग्याधिकाऱ्याच्या पत्नीची हकीगत असल्याचे मानले जाते. दोन्ही ठिकाणी व्यापार एकाच दिशेने झाला: बातमीचे काही परिच्छेद गेले आणि कादंबरीची पाचशे पाने आली. बातमीत जे नाही ते, म्हणजे कारण, अंतरंग, काळाचा प्रवाह, कादंबरीकाराने पुरवायचे. फेनेओंने यांपैकी काहीही पुरविले नाही, आणि त्याचे वेगळेपण येथूनच सुरू होते.

त्याचा जन्म १८६१ मध्ये तुरीन येथे झाला. १८८१ पासून तेरा वर्षे तो फ्रान्सच्या युद्धखात्यात कारकून होता, आणि चांगला कारकून होता. दिवसा सरकारी टिपणे लिहायची आणि उरलेल्या वेळात आधुनिक कलेचा इतिहास घडवायचा, असा त्याचा क्रम. स्यरा, सिन्याक आदी चित्रकारांच्या बिंदुपद्धतीला ‘नव-दृक्प्रत्ययवाद’ हे नाव त्यानेच १८८६ मध्ये दिले. त्याच वर्षी रँबोच्या ‘इल्युमिनेशन्स’चे हस्तलिखित ‘ला व्होग’ या नियतकालिकासाठी त्याने लावून दिले. त्याच्या हयातीत त्याच्या नावावर निघाले ते एकच छोटेखानी पुस्तक, तेही १८८६ मधील चित्रप्रदर्शनांविषयीचे. इतरांच्या मजकुराची मशागत करावी आणि स्वतः सहीपासून दूर राहावे, हा स्वभाव. १८९० मध्ये सिन्याकने त्याचे जे व्यक्तिचित्र रंगविले (ते आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे), त्यात रंगांची चक्राकार भिरभिर पार्श्वभूमी आहे आणि तिच्यापुढे हातात फूल धरलेला, बोकडदाढीचा, निर्विकार चेहऱ्याचा हा माणूस बाजूला तोंड करून उभा आहे. भोवती सारे फिरते आहे आणि मध्ये एक स्थिर कडा. त्याच्या गद्याचे वर्णन करायला मला याहून चांगली प्रतिमा सापडलेली नाही.

हाच माणूस अराज्यवादी पत्रांतून निनावी किंवा टोपणनावाने लिहीत होता. ते बॉम्बचे दिवस होते. डिसेंबर १८९३ मध्ये व्हायाँ याने प्रतिनिधिगृहात बॉम्ब टाकला, तेव्हा कवी लोराँ तायाद याने, कृती सुंदर असेल तर बळी कोण गेले याला काय महत्त्व, अशा अर्थाचे उद्गार काढले. ४ एप्रिल १८९४ रोजी सिनेटसमोरील फ्वायो उपाहारगृहाच्या खिडकीत, फुलांच्या कुंडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. आत जेवत होता तायाद. त्याचा एक डोळा गेला. ही गोष्ट कोणी कादंबरीत लिहिली असती तर समीक्षकांनी ती कृत्रिम ठरविली असती.

त्या महिन्याच्या अखेरीस फेनेओंला अटक झाली. युद्धखात्यातील त्याच्या टेबलात पाऱ्याची कुपी आणि स्फोटक टोप्या सापडल्या. ऑगस्टमध्ये ‘तीसजणांचा खटला’ चालला. या सर्व वस्तू आपल्या वडिलांना रस्त्यावर सापडल्या होत्या, असे त्याने शांतपणे सांगितले. एका अराज्यवाद्याशी तुम्ही दिव्याच्या खांबामागे बोलताना दिसलात, असे न्यायाधीश म्हणाला तेव्हा, खांबाची मागची बाजू कोणती, असे त्याने विचारल्याचे नमूद आहे. मलार्मे त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आला. तत्पूर्वी एका वार्ताहराला मलार्मेने सांगितले होते की, फेनेओंकडे त्याच्या लेखांहून अधिक परिणामकारक स्फोटके असतील असे आपल्याला वाटत नाही. न्यायसभेने त्याची निर्दोष सुटका केली. जोन हाल्परिन या त्याच्या चरित्रकर्तीने मात्र १९८८ मध्ये असे मत मांडले आहे की, फ्वायोच्या खिडकीतील ती कुंडी ठेवणारा फेनेओंच होता. पुरावा पुढच्या पिढीतील आठवणींचा आहे. तो ज्याने त्याने तपासावा. एवढे खरे की या माणसाने १८९४ च्या उन्हाळ्यात स्वतः किरकोळ बातमी होऊन पाहिले होते. वर्तमानपत्राच्या रकान्यात आपले नाव, वय, व्यवसाय आणि टेबलातील वस्तूंची यादी कशी दिसते, हे त्याला वाचक म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून माहीत होते.

नोकरी अर्थातच गेली. पुढे ‘ला रव्ह्यू ब्लांश’ या श्रेष्ठ नियतकालिकाचा कारभार त्याने १९०३ मध्ये ते बंद पडेपर्यंत पाहिला, मग काही काळ ‘ल फिगारो’, आणि १९०६ मध्ये ‘ल मातँ’. लाखोंच्या घरात खप असलेले हे बडे, सनसनाटी, फारसे तत्त्वनिष्ठ नसलेले पत्र. ‘तीन ओळी’चे सदर तेथे त्याच्या येण्याआधीच सुरू झालेले होते. ही गोष्ट समीक्षकांनी फारशी मनावर घेतलेली नाही. तीन ओळींचे बंधन ही कवीने स्वीकारलेली वृत्तरचना नव्हती. ती रकान्याची रुंदी आणि जागेचा भाव होता. आव्हास या वृत्तसंस्थेच्या तारा, जिल्ह्यातील बातमीदारांचे निरोप आणि प्रांतिक पत्रे यांच्या ढिगाऱ्यातून रात्री कोणीतरी उपसंपादकाने या ओळी उपसायच्या. आपल्याकडील दैनिकांच्या कचेरीतही ‘थोडक्यात’चा मजकूर करणे हे नवशिक्याचे किंवा नावडत्याचे काम समजले जाते. फेनेओं तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता.

मलार्मेने काव्याची भाषा आणि ‘सार्वत्रिक वार्तांकना’ची भाषा यांत सुप्रसिद्ध भेद केला आहे. वार्तांकनाची भाषा नाण्यासारखी. या हातातून त्या हातात मुकाट्याने जाणारी. या भेदावर विसाव्या शतकातील काव्यविचाराची एक मोठी इमारत उभी आहे. आणि मलार्मेच्या मंगळवारच्या बैठकींना जाणारा, त्याची वाक्यरचना ज्याच्या कानात मुरलेली, असा हा शिष्य ती वाक्यरचना घेऊन थेट वार्तांकनाच्या टांकसाळीत जाऊन बसला. मलार्मेचा भेद त्याने खोडून काढला असे नव्हे. त्याने तो निरुपयोगी केला. (मलार्मेच्याही मनात काही शंका असावी, १८९७ च्या ‘दिव्हागासियों’मधील एका विभागाला त्याने ‘थोर किरकोळ बातम्या’ असे नाव दिले आहे.)

ही वाक्यरचना कशी आहे? फ्रेंच वाक्याचा प्रकृत क्रम कर्ता, क्रियापद, कर्म असा. फेनेओं तो मोडतो. आधी स्थळकाळ सांगणारे पदसमूह येतात, मग धातुसाधितांची साखळी, मग दोन स्वल्पविरामांच्या चिमट्यात पकडलेले नाव, वय, धंदा. आणि ज्या शब्दाने सारे उलगडायचे तो शब्द अगदी अखेरीस. पुष्कळदा मृत्यू गौण वाक्यात ढकलला जातो आणि मुख्य वाक्याची जागा एखादी क्षुल्लक बाब पटकावते. विशेषणे जवळजवळ नाहीत. हळहळ नाही, निषेध नाही. एखादाच शब्द अर्ध्या सुराने वर लागतो, म्हणजे जेथे ‘मेला’ म्हणायचे तेथे एखादा शिष्टसंमत, जरासा जास्त सभ्य शब्द येतो, आणि तेवढ्याने सारे वाक्य तिरके होते.

ही वृत्ते मराठीत आणू पाहणाऱ्यापुढे येथे एक मौजेची अडचण उभी राहते. मराठीत क्रियापद मुळातच शेवटी असते आणि धातुसाधितांची साखळी हा तर आपल्या गद्याचा स्थायीभाव. फ्रेंचमध्ये जे विचलन आहे ते मराठीत नियम आहे. म्हणजे क्रम जसाच्या तसा ठेवावा तर चकवा नाहीसा होतो; आणि चकव्यासाठी कर्ता क्रियापदाच्या मागे टाकावा तर वाक्याला बोलीचा, ओट्यावरच्या गप्पांचा सूर लागतो, जो फेनेओंमध्ये औषधालाही नाही. मी काही वृत्ते करून पाहिली. ती कशासारखी वाटतात याचा विचार करता करता ध्यानात आले: पंचनाम्यासारखी. ‘सदर इसम’ अमुक अवस्थेत अमुक ठिकाणी ‘आढळून आला’, त्याच्या खिशात अमुक वस्तू ‘मिळून आल्या’. अनुवाद फसला, असे प्रथम वाटले. नंतर वाटले, कदाचित फसला नसेल. तेरा वर्षे सरकारी टिपणे लिहिलेल्या आणि नंतर त्याच सरकारच्या पंचनाम्यात सापडलेल्या माणसाच्या या ओळी आहेत. प्रशासकीय भाषेचा थंडपणा हे त्यांचे उसने अंग आहे. त्या भाषेला तो इतक्या काटेकोरपणे वापरतो की ती आपल्याच काटेकोरपणामुळे उघडी पडते.

या प्रकारच्या बातमीचे सर्वांत प्रभावी विश्लेषण रोलाँ बार्थने १९६२ मध्ये केले आणि १९६४ च्या ‘समीक्षात्मक निबंधां’त ते समाविष्ट झाले. त्याचा सिद्धांत थोडक्यात असा: राजकीय बातमी ही एका अदृश्य कादंबरीचा तुकडा असते, ती कळायला आधीचे संदर्भ लागतात. किरकोळ बातमी मात्र स्वयंपूर्ण असते. तिच्यात सारे काही दिलेले असते, बाहेर काही राहत नाही, म्हणून ती लघुकथेची नातलग. तिची संरचना दोन संबंधांवर उभी असते. एक, ढळलेला कार्यकारणभाव: क्षुल्लक कारण, प्रचंड परिणाम. दुसरा, योगायोग, आणि त्यातही जेथे दोन टोके एकमेकांवर आदळतात ती पराकाष्ठा. सुंदर कृतीची स्तुती करणाऱ्या कवीचाच डोळा त्या कृतीने जावा, हे या दुसऱ्या प्रकाराचे पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरेल.

सुटी ओळ घेतली तर बार्थचा सिद्धांत फेनेओंला चपखल बसतो. पण ओळी सुट्या राहत नाहीत. १९०६ मध्ये फ्रान्समध्ये काय चालले होते? चर्च आणि राज्य यांच्या विभक्ततेचा कायदा ९ डिसेंबर १९०५ चा. वर्षाच्या सुरुवातीपासून चर्चच्या मालमत्तेच्या मोजदादीवरून गावोगाव मारामाऱ्या होत होत्या. १० मार्चला कूरिएरच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन १०९९ कामगार मेले. १ मे रोजी आठ तासांच्या दिवसासाठी मोठा संप झाला. १३ जुलैला साप्ताहिक सुटीचा कायदा झाला. गृहमंत्री होता क्लेमाँसो, आणि ऑक्टोबरमध्ये तोच पंतप्रधान झाला. फेनेओंची वृत्ते सलग वाचताना ही सारी अदृश्य कादंबरी त्यांच्यातून झिरपत राहते. शाळेच्या भिंतीवर क्रूस ठेवण्याचा हट्ट धरणारे नगराध्यक्ष पुन्हा पुन्हा येतात आणि पुन्हा पुन्हा निलंबित होतात. संपकरी येतात, त्यांच्यामागे सैनिक येतात. टेलिफोन-तारांची चोरी इतक्या वेळा होते की देशभर एक अदृश्य टोळी रात्रंदिवस तारा गुंडाळत बसली आहे असे वाटावे. वाती आणि तारा लावलेले पण निरुपद्रवी निघालेले एक खोकेही एका पाद्र्याच्या दाराशी सापडते. ती ओळ लिहिताना जुन्या आरोपीच्या चेहऱ्यावर काय उमटले असेल, हे सिन्याकलाच ठाऊक. कामगार मचाणावरून पडतात, यंत्रात सापडतात, रुळांवर चिरडले जातात.

एक कामगार पडतो तेव्हा तो अपघात असतो. सहा महिन्यांत तीन ओळींच्या मापाने शेकड्यांनी माणसे पडतात, बुडतात, फास घेतात, तेव्हा कार्यकारणभाव ‘ढळलेला’ आहे असे म्हणण्याचा अधिकार वाचकाकडे राहत नाही. बार्थने एककाचा विचार केला, मालिकेचा केला नाही. किरकोळ बातमीला संदर्भ लागत नाही असे तो म्हणतो. पण तो संदर्भ आधीच, मुद्रांकशुल्काच्या काळापासून, दुसऱ्या रकान्यात नेऊन ठेवलेला होता. स्वयंपूर्णता हा या बातमीचा गुण नव्हे, तो तिच्यावर झालेला व्यवहार आहे.

माझ्या अनुभवातील एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. ही वृत्ते वर्गात वाचून दाखविली की पहिल्या तीन-चार वृत्तांना हशा पिकतो. विद्यार्थी मोकळेपणाने हसतात, कारण ओळींची फिरकी त्यांना नेमकी कळते. दहाव्या-बाराव्या वृत्तापर्यंत हशा तुरळक होतो. विसाव्याला कोणीतरी खिडकीबाहेर पाहू लागते. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही माणसं खरी होती का?” होती. त्यांची नावे खरी, गावे खरी, वयेही बातमीदाराने कळविली ती. मी तसे सांगितले, आणि त्या दिवशी पुढचे वाचन झाले नाही.

तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा एक मार्ग मिशेल फूकोने दाखविला आहे. ‘अपकीर्त माणसांचे जीवन’ या १९७७ मधील निबंधात तो सतराव्या-अठराव्या शतकांतील कोंडवाड्यांच्या नोंदवह्या आणि राजाकडे केलेले अर्ज यांविषयी लिहितो. ज्यांच्याविषयी काही ओळींपलीकडे काहीही उरले नाही, आणि त्या ओळीही केवळ सत्तेशी क्षणभर गाठ पडली म्हणून लिहिल्या गेल्या, अशी ती माणसे. या नोंदींना काय म्हणावे असा विचार करताना फूको ‘नुव्हेल’ हाच शब्द सुचवितो: कथनाचा वेग आणि घटनेची सत्यता असे दोन्ही अर्थ त्यात आहेत म्हणून. फेनेओंचे नाव तो घेत नाही, पण त्याच्या सदराचे याहून चांगले वर्णन कोणी केलेले नाही. मात्र एक फरक राहतो. फूकोच्या नोंदींतील ओळी सत्तेने लिहिल्या, आणि त्यांचे सौंदर्य आपण नंतर शोधले. फेनेओंच्या ओळींत सौंदर्य आधीच घातलेले आहे. हे सौंदर्य त्या माणसांच्या बाजूचे आहे की विरुद्ध?

माझे मत असे की, ते कोणाच्याच बाजूचे नाही, आणि यातच त्याची सचोटी आहे. त्या काळची लोकप्रिय पत्रे गरिबांच्या मृत्यूवर अश्रू ढाळीत आणि त्या अश्रूंवर खप वाढवीत. फेनेओं अश्रू नाकारतो. तो नाव देतो, वय देतो, हत्यार देतो, आणि बाजूला होतो. करुणेचा दर्जा त्याने वाचकाला आयता दिला नाही. परंतु ही सचोटी दैनिकाच्या पानावर कितपत पोचत असेल, याविषयी मला शंका आहे. सकाळच्या घाईत ट्रॅममध्ये हे सदर वाचणाऱ्याला फिरकी कळली असेल, नसेल. तो पुढच्या ओळीकडे गेला असेल. अपोलिनेरसारख्या मोजक्या मंडळींना लेखक कोण ते माहीत होते, आणि भविष्यवाद्यांच्या ‘मुक्त शब्दां’चे जनकत्व त्याने अर्ध्या थट्टेने या सदराकडे दिलेही. बाकीच्यांसाठी ते वर्तमानपत्र होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी मासळी बांधायचा कागद.

कामीय प्लातेल ही फेनेओंची दीर्घकालीन प्रेयसी. तिने ही वृत्ते रोजच्या रोज कापली आणि एका वहीत चिकटविली. तिने हे का केले, याविषयी तिने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. वर्षअखेरीस फेनेओं बेर्नेम-जन या चित्रविक्रेत्यांकडे नोकरीला गेला आणि तेथे पुढील दीड-दोन दशके रमला. १९१२ मध्ये पॅरिसमधील भविष्यवाद्यांचे प्रदर्शन त्यानेच घडवून आणले. त्याचे लेखन एकत्र करण्याची सूचना कोणी केली की तो ती झटकून टाकी; आपल्याला केवळ मौनाची आकांक्षा आहे, अशा आशयाचे त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे. १९४४ मध्ये तो वारला. त्यानंतर ती वही जाँ पोलाँच्या हाती आली आणि १९४८ मध्ये गालीमारने काढलेल्या फेनेओंच्या ‘समग्र लेखना’त ही वृत्ते प्रथमच पुस्तकरूपाने छापली गेली. हाल्परिनची दोन खंडांची विस्तृत आवृत्ती १९७० ची; ल्यूक सांत यांचा इंग्रजी अनुवाद २००७ चा.

पोलाँच्या या कृतीत लेखकाची इच्छा डावलली गेली, हे उघड आहे. त्यापेक्षा महत्त्वाचे, पानही बदलले. दैनिकाच्या रकान्यात या ओळींच्या शेजारी इतरांच्या ओळी होत्या, जाहिराती होत्या, घोड्यांच्या शर्यती होत्या. वहीत आल्यावर शेजार गेला आणि मालिका आली. रोज वीस-पंचवीस वृत्ते वाचणाऱ्याला जी पुनरावृत्ती जाणवली नसती ती एका बैठकीत दोनशे वाचणाऱ्याला टाळता येत नाही. वर मी बार्थविरुद्ध जो मुद्दा मांडला, तो मांडण्याची सोय मला कामीय प्लातेलच्या कात्रीने करून दिली आहे. ही गोष्ट कबूल करावी लागते, कारण तिने माझा युक्तिवाद बळकटही होतो आणि अडचणीतही येतो.

वर्तमानपत्राचा तुकडा कापून दुसऱ्या पृष्ठावर चिकटविणे ही कृती कलेच्या इतिहासात १९१२ च्या शरदात नोंदविली जाते, पिकासोच्या चिकटचित्रांपासून. ‘सुझची बाटली आणि पेला’ या चित्रात बाल्कन युद्धाच्या आणि युद्धविरोधी सभेच्या बातम्यांचे तुकडे आहेत. ते वाचायचे की नुसते पाहायचे, यावरून जो वाद झाला तो आपल्या विषयाला लागू आहे. पॅट्रिशिया लायटन यांनी १९८९ मध्ये असे प्रतिपादिले की हे तुकडे वाचलेच पाहिजेत. पिकासोचे अराज्यवादी संस्कार त्यांतून बोलतात. रोझालिंड क्राउस यांचे म्हणणे याच्या उलट: तुकडा चित्रात आला की तो चिन्ह होतो, आणि चिन्हाला पिकासोचे मत म्हणून ऐकणे म्हणजे चिकटचित्राने जे घडविले तेच पुसणे. दोघींचेही वाचन सूक्ष्म आहे. पण फेनेओंच्या वहीसमोर हा वाद निराळा दिसू लागतो, कारण येथे कापणाऱ्या हाताला चित्र करायचेच नव्हते. प्लातेलने जपायचे म्हणून कापले. जपण्याच्या या घरगुती, बिनमहत्त्वाकांक्षी कृतीचे आपल्या सिद्धांतात नाव नाही. लेखकाला त्यात जागा आहे, संपादकाला आहे, वाचकाला तर अलीकडे मोठीच आहे. कात्रणे काढणारीला नाही. आपल्याकडेही किती लेखकांची स्फुटे कोणाच्या तरी बायकोच्या किंवा बहिणीच्या ट्रंकेतून बाहेर आली, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.

‘ल मातँ’चे १९०६ चे अंक आता फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत, पुण्यामुंबईत बसूनही ते पान न् पान पाहता येतात. मी त्यांतील काही दिवसांची सदरे सबंध वाचली, शेजारच्या ओळींसकट. काही ओळी एवढ्या तिरक्या की त्या निःसंशय त्याच्याच असे वाटावे. काही सपाट, घाईच्या, कोणाच्याही. वहीशी ताडून पाहिले तेव्हा तिरक्या म्हणून मी खूण केलेली एक ओळ वहीत नव्हती. ती दुसऱ्या कोणा उपसंपादकाची असेल, किंवा त्या सकाळी कामीय प्लातेलला अंक मिळाला नसेल.